पाव सूत: रत्नागिरीच्या पावसात अडकलेल्या एका तान्सूचं प्रकरण

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या पुण्याच्या कारखान्यातून रत्नागिरीला एक लाकडी पेटारा गेला. ४ फूट रुंद, ३ फूट उंच, दीड फूट खोल. सागाचा, कोपऱ्यांना काळ्या लोखंडाचे पत्रे, तीन लांब खण, डावीकडे दोन छोटे आणि उजवीकडे कुलपाचं एक दार. तान्सू या जपानी खणांच्या पेटाऱ्याच्या धर्तीवर केलेला. फोटो फार सुंदर आले. ११ जुलैला सकाळी साडेसातला फोन वाजला. "दादा, खालचा मोठा खण उघडतच नाहीये. आणि आईंची पैठणी त्यातच आहे."

हे त्या खणाचं प्रकरण. चूक आमची होती, त्यातही मिस्त्रींपेक्षा माझी जास्त. ती नेमकी किती मिलिमीटरची होती हे आता मला ठाऊक आहे, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवतो आहे.

मागणी

पेटारा मागवणाऱ्या ताई नऊ वर्षं तोक्योत होत्या. एदोगावा भागातल्या निशी-कासाईला, जिथे भारतीय कुटुंबांची वस्ती मोठी आहे. तिथे असताना तान्सू घ्यायची इच्छा होती, जागा नव्हती. "दोन खोल्यांत आम्हीच खणात ठेवल्यासारखे राहायचो," असं त्या पहिल्या भेटीत म्हणाल्या. परत आल्यावर रत्नागिरीजवळचं सासरचं कौलारू घर दुरुस्त केलं, माडीवर एक खोली काढली आणि मग आमच्याकडे आल्या. मागणी तीन वाक्यांची होती. साड्या ठेवायच्या आहेत. बघताक्षणी तान्सू वाटला पाहिजे. आणि खाली चाकं हवीत, म्हणजे केर काढताना सरकवता येईल.

तान्सू म्हणजे खणांचा पेटारा, इतकं म्हटलं तर चुकीचं नाही. पण आपल्याकडे 'कपाट' म्हटल्यावर जितके प्रकार डोळ्यांपुढे येतात तितकेच तिथेही आहेत. कपड्यांचा वेगळा, दुकानदाराच्या हिशेबाच्या वह्यांचा वेगळा, स्वयंपाकघरातला वेगळा. जिन्याखालची जागा वाया जाऊ नये म्हणून पायऱ्यांच्याच पोटात खण बसवलेला एक प्रकार आहे, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. माझा सगळ्यात आवडता आहे तो गलबतावरचा. साकाता, मिकुनी आणि सादो बेटावरचं ओगी या बंदरांत तो घडायचा. बाहेरून केयाकीचं कठीण लाकूड आणि लोखंडाचा जाड पिंजरा, आतून किरीचं हलकं लाकूड. जहाज बुडालं तरी कागदपत्रांसकट पेटी तरंगत राहावी, हा त्यामागचा विचार.

ताईंना हवा होता तो कपड्यांचा. त्यातही सेंदाईकडच्या घडणीचा तोंडवळा त्यांना आवडला होता. ४ शाकू रुंद, ३ शाकू उंच, दर्शनी भागाला लाखेसारख्या उरुशीच्या रोगणातून चमकणारं केयाकी आणि त्यावर हातानं ठोकलेलं लोखंड, ड्रॅगन, सिंह, पिओनीची फुलं. शाकू म्हणजे जवळपास आपला फूटच, त्यामुळे मापं आयती मिळाली. ड्रॅगन आम्ही वगळले. आमच्या लोहारांनी फोटो बघून सरळ सांगितलं, "साप करून देईन, त्याला पाय फुटणार नाहीत."

चाकं का नाकारली

चाकांवरून पहिला वाद झाला, आणि तो वाद मी जिंकला याचं मला अजून बरं वाटतं. या प्रकरणात जिंकल्याचा प्रसंग हा एवढाच.

चाकांचे पेटारे जपानमध्ये होते. आपल्या सौराष्ट्रातल्या लाकडी पटाऱ्यांनाही चाकं असतात, तशीच. सतराव्या शतकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, ते घरोघरी होते. लाकूड आणि कागदाचं शहर, आग नेहमीची. आग लागली की पेटारा ढकलत घराबाहेर काढायचा, अशी कल्पना. मग २ मार्च १६५७ ला मेइरेकीची आग लागली. तीन दिवस जळत राहिली, निम्म्याहून जास्त शहर गेलं, मेलेल्यांचा आकडा लाखाच्या घरात सांगतात. प्रत्येकानं आपापला पेटारा रस्त्यावर काढला. अरुंद गल्ल्या, पूल, सगळीकडे चाकांवरचे पेटारे एकमेकांत अडकले आणि माणसांना पळायला वाट उरली नाही. पुढे १६८३ मध्ये एदो, क्योतो आणि ओसाका या तिन्ही शहरांत चाकांच्या पेटाऱ्यांवर बंदी आली.

त्यानंतर जो तान्सू रुळला तो चाकांचा नाही, उचलायचा. एकावर एक ठेवलेल्या दोन पेट्या, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना वर उलटणाऱ्या लोखंडी कड्या, कड्यांतून बांबू किंवा दांडा घालायचा आणि दोघांनी खांद्यावर घ्यायचं. जपानी भाषेत तान्सू मोजायचं परिमाण आजही 'साओ' आहे, म्हणजे दांडा. एक दांडा तान्सू, दोन दांडे तान्सू. आपण पाण्याच्या खेपा मोजतो तसं.

ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "माझी मावशी चिपळूणला आहे." २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा मावशींच्या घरातलं लोखंडी कपाट जागचं हललं नव्हतं. माणसं माडीवर गेली, कपाट खाली राहिलं, चार दिवसांनी दार उघडलं तर आत चिखल. चाकांचा विषय तिथेच मिटला. दोन पेट्या, चार कड्या ठरल्या. सागात आणि लोखंडात केल्यावर एकेक रिकामी पेटी ४५ किलोच्या आसपास भरली. किरीची असती तर बरीच कमी भरली असती. तिथून खरं तर माझ्या डोक्यात काहीतरी पेटायला हवं होतं.

साडी आणि किमोनो

खणांची मापं काढताना एक गंमत झाली. जपानी कपड्यांच्या तान्सूचा खण लांबलचक आणि उथळ का असतो, तर घडी घातलेला किमोनो साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर लांब आणि ३५ सेंटिमीटर रुंद होतो. तो कागदी वेष्टनात सपाट झोपवायचा, पुन्हा मोडायचा नाही. पैठणीची घडी त्याच्या निम्मी. म्हणून चार फुटी खणात दोन गठ्ठे शेजारी शेजारी बसतात आणि मध्ये हात घालायला जागा उरते. जरीवर घडी पडून ती चिरू नये म्हणून आईंनी प्रत्येक पैठणी मलमलच्या फडक्यात बांधलेली होती. जपानी कागदाचं काम इकडे मलमल करते.

शेवटी खालच्या पेटीत एक खण २४० मिलिमीटर उंचीचा आणि एक १५० चा, असं ठरलं. वरच्या पेटीत एक १५० चा लांब खण, आणि खाली छोटे खण व दार. हे आकडे पुढे लागणार आहेत.

लाकूड

किरी आपल्याकडे मिळत नाही असं धरून चाललो. किरी म्हणजे पॉलोनिया. वेगानं वाढणारं, अतिशय हलकं लाकूड. वाळल्यावर त्याची घनता पाण्याच्या तीन दशांशाच्या आसपास असते, सागाची त्याच्या दुप्पट. मुलगी झाली की दारात किरीचं रोप लावायचं आणि तिचं लग्न ठरलं की तोडून तान्सू करायचा, ही तिकडची जुनी रीत म्हणून सांगतात. आपण आंबा लावतो, तोडत नाही. बाकी भावना कळते. निईगाता प्रांतातलं कामो हे किरीच्या तान्सूचं मोठं केंद्र. तिथे फळ्या दोन-तीन वर्षं उघड्यावर ऊन-पाऊस-बर्फ खात उभ्या ठेवतात, त्यातला रंग सोडणारा अर्क पावसानं धुऊन निघावा म्हणून. त्यानंतर करवत.

आम्ही फेब्रुवारीत भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून बल्लारशाचा साग आणला. उत्तम माल. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी चंद्रपूरचा साग गेला तेव्हापासून प्रत्येक विक्रेता 'त्याच जंगलातला' म्हणून भाव सांगतो, ते सोडून द्या. फळ्यांवर मीटर लावला, ओलावा ९ ते १० टक्के. पत्र्याच्या शेडमध्ये आडव्या पट्ट्या घालून रचून ठेवल्या. मार्च गेला, एप्रिल गेला. पुण्याचा एप्रिल म्हणजे दुपारी हवेत पाणी औषधालाही नसतं. मेमध्ये खण बसवले तेव्हा मीटर ८ दाखवत होता. मी खूश. लाकूड सुकलेलं आहे, आता काय होणार?

फळ्या निवडल्या त्याही मीच. खणांच्या तोंडाला डोंगरावर डोंगर अशी नक्षी असलेल्या रुंद फळ्या, कारण फोटोत तीच दिसते.

वाद दुसरा

खण आणि चौकट यांच्यात फट किती ठेवायची यावर मिस्त्री आणि मी अडलो. मिस्त्री मूळचे राजापूरकडचे, चाळीस वर्षं रंधा धरलेले. ते म्हणाले, "साहेब, एक सूत सोडू."

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.२ मिलिमीटर. मला ती फट डोळ्यांत खुपत होती. मी तेव्हा किरीच्या तान्सूचे व्हिडिओ पाहून भारावलेलो होतो. एक खण हळूच आत ढकलतात आणि आतल्या हवेच्या दाबानं शेजारचा बंद खण आपोआप बाहेर येतो. दाढीच्या पात्याइतकीही फट दिसत नाही. मला तेच हवं होतं.

"कोकणात जायचंय ते," मिस्त्री म्हणाले. "उन्हाळ्यात खण वाजला पाहिजे, तर तो पावसात उघडतो."

मी म्हटलं, अर्धं सूत. ते काही बोलले नाहीत, पेन्सिल कानामागे ठेवली आणि अर्धं सूत सोडलं. मालक मी होतो.

मे महिन्यात खण रेशमासारखे चालत होते. हवेनं शेजारचा खण बाहेर येत नव्हता, पण थोडा हलायचा. मी त्याचा व्हिडिओ काढून ताईंना पाठवला होता. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे आणि मी तो पुसत नाही.

जुलै

फोनवर मी पहिली चूक केली. म्हटलं, मेणबत्ती घासून बघा, जरा ओढा. ताईंनी आणि त्यांच्या मुलानं मिळून ओढलं. तान्सूची मूठ दोन पायांच्या लोखंडी खिळ्यानं बसवतात. पाय फळीतून आरपार जातात आणि आतून उलटे वाकवतात. आमच्या लोहारांनीही तशीच केली होती. ओढताना ते वाकवलेले पाय सरळ झाले आणि मूठ हातात आली. फळीवर दोन बोटं लांबीचा ओरखडा.

गावातल्या सुतारांनी येऊन पाहिलं, म्हणाले खणाला रंधा मारून देतो, अर्ध्या तासाचं काम. ताईंनी विचारलं. मी म्हटलं, नको, मी येतो. जुलैत फुगलेलं लाकूड जुलैच्या मापानं तासलं की जानेवारीत ते आकसतं आणि खणावरून झुरळं ये-जा करतात.

आंबा घाट धुक्यात होता. घरी पोचलो तर पेटारा बघायला पहिल्यासारखाच देखणा; फक्त कोपऱ्यातल्या पत्र्यांवर चहाच्या डागासारखे तपकिरी ठिपके. काळ्या स्प्रेचा रंग समुद्राच्या हवेनं सहा आठवड्यांत फोडला होता. मीटर लावला. खणाच्या तोंडाला १४ टक्के. १५० चे दोन्ही खण दोन हातांनी, खाली बसून, उघडत होते. २४० चा हलत नव्हता.

पाठीमागच्या पट्ट्या स्क्रूनं बसवलेल्या होत्या, तेवढी बुद्धी आधी सुचली होती. त्या काढल्या, आतून खणाच्या पाठीला लाकडाचा ठोकळा लावला आणि लाकडी हातोडीनं एक डावीकडे, एक उजवीकडे असं ठोकत गेलो. वीस मिनिटांनी खण बोटभर पुढे आला. त्याबरोबर कुबट वास आला. खणाचे तळ आम्ही प्लायचे केले होते. एका मलमलच्या फडक्यावर बुरशीचे पांढरे ठिपके होते. ताईंनी ते तिथेच सोडलं, पदर उलगडून उजेडात धरला. मोर शाबूत होते. "आहे," एवढंच म्हणाल्या आणि आत चहा करायला गेल्या. त्या मिनिटाभरात मी जितका घाबरलो तितका कारखान्याचं कर्ज काढतानाही घाबरलो नव्हतो.

हिशेब

लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही. वाढतं ते रुंदीला, आणि किती वाढतं हे ओंडक्यातून फळी कशी काढली यावर ठरतं. ओंडक्याच्या आडव्या कापावर वलयं दिसतात. फळीच्या तोंडावर डोंगर-डोंगर नक्षी येते तेव्हा ती वलयांना जवळपास समांतर चिरलेली असते. अशा सागात ओलावा एक टक्का वाढला की रुंदी सुमारे ०.१८६ टक्के वाढते. गाभ्याकडून सालीकडे चिरलेल्या, सरळ रेघांच्या फळीत हेच प्रमाण ०.१०१ टक्के, म्हणजे निम्म्याच्या जरा वर.

आता आमचा खण. मेमध्ये ८ टक्के, जुलैत १४, फरक ६. तोंडाची फळी आडवी बसलेली, म्हणजे तिची रुंदी ही खणाची उंची. २४० ला ६ नं आणि ०.१८६ टक्क्यांनी गुणलं की २.७ मिलिमीटर. आम्ही सोडलेली फट अर्धं सूत, १.६. खण चौकटीपेक्षा मिलिमीटरभर मोठा झाला होता. १५० च्या खणाला हाच हिशेब लावला की १.७ येतात, म्हणून तो अडून अडून का होईना उघडत होता. खणाबरोबर चौकट वाढली नाही, कारण बाजूच्या फळ्या उभ्या आहेत, त्यांची उंची म्हणजे लाकडाची लांबी. खण फुगला, त्याचं घर तेवढंच राहिलं.

मिस्त्रींचं एक सूत सोडलं असतं तर अर्धा मिलिमीटर उरला असता. कुरकुरत उघडला असता, पण उघडला असता.

दुसरी चूक हळू चढणारी होती, ती परत आणलेला माल टेबलावर पसरल्यावर दिसली. बाजूच्या फळ्या दीड फूट खोल, त्यांना आतून खण सरकायच्या पट्ट्या आम्ही सरस लावून वर स्क्रूनं पक्क्या केल्या होत्या. फळीला पावसात पाच मिलिमीटर पसरायचं आहे आणि आडवी पट्टी तिला धरून ठेवते. फळीनं बाहेर बाक धरायला सुरुवात केली होती. त्या वर्षी नाही तर पुढच्या उन्हाळ्यात ती चिरली असती. शिवाय मेलामाइनचं पॉलिश खणाच्या तोंडाला फक्त बाहेरून मारलेलं, आतली बाजू कोरी. एका बाजूनं पाणी पिणारी फळी वाटीसारखी वळते. तशी वळली होती.

आणि सगळ्यांच्या मुळाशी किरी. तो व्हिडिओतला खण इतका घट्ट बसतो, कारण ते लाकूड मुळात कमी हलतं, हलकं आणि मऊ आहे, आणि दमट हवेत जरासं फुगून फटी स्वतःच बुजवतं. पाऊस आला की तान्सू तोंड मिटतो, हवा कोरडी झाली की उघडतो. ती घट्ट फट हा त्या लाकडाचा स्वभाव आहे. मी ती तशीच उचलून सागाला लावली. सेंदाईच्या घडणीतही केयाकी मिरवतं ते दर्शनी भागात; खणाच्या पोटात किरी किंवा सुगी, म्हणजे तिकडचा देवदारासारखा हलका सूचिपर्णी, वापरतात. मी तोंडवळा बघितला, पोटात डोकावलो नाही.

दुरुस्ती

दोन्ही पेट्या टेम्पोनं परत आणल्या आणि ऑक्टोबरपर्यंत हात लावला नाही. मिस्त्रींची अट होती, पाऊस ओसरू दे.

खणांच्या पोटासाठी लाकूड तेच घेऊन आले. शिवण. आमच्या शेडमध्ये शिवणीच्या फळ्या कधी आल्याच नव्हत्या, कारण गिऱ्हाईक साग मागतं आणि आम्ही साग देतो. शिवण फिकट पिवळसर, सागापेक्षा हलकी, रंध्याखाली लोण्यासारखी, आणि एकदा वाळली की फारशी हलत नाही. ढोलकीचं खोड करायला ती चालते यातच सगळं आलं. "आमच्याकडे पूर्वी हिच्याच पेट्या करायचे," मिस्त्री म्हणाले. मी विचारलं, मग मेमध्ये का नाही बोललात? "तुम्ही जपानचं विचारत होतात."

तिन्ही लांब खणांच्या बाजू, पाठी आणि तळ शिवणीचे केले. तळाच्या पट्ट्या एकमेकींच्या खाचेत बसवल्या, सरस न लावता, म्हणजे त्यांना श्वास घ्यायला जागा राहते. प्लाय गेला, वास गेला. २४० च्या खणाला नवं तोंड सरळ रेघांच्या सागाचं केलं. डोंगरांची नक्षी गेली. फोटोत आता तो खण इतरांपेक्षा साधा दिसतो. फट ठरवताना ओलावा १० वर असताना मोजलं आणि रत्नागिरीत १६ पर्यंत जाईल असं धरलं. २४० गुणिले ६ गुणिले ०.१०१ टक्के म्हणजे १.५ मिलिमीटर, वर सरकायला ०.८. बेरीज २.३. मिस्त्रींनी आकडा ऐकला आणि म्हणाले, "म्हणजे पाऊण सूत." मी मागितलेल्यापेक्षा पाव सूत जास्त, त्यांनी सांगितल्यापेक्षा पाव सूत कमी.

सरकपट्ट्यांचा सरस खरवडून काढला. पुढचा स्क्रू घट्ट ठेवला, मागच्या दोघांची भोकं लांबट केली, म्हणजे फळी पसरली की स्क्रू भोकात सरकतो. मेलामाइन घासून काढलं, खणाच्या तोंडाला दोन्हीकडून चपडीचं पॉलिश दिलं. खणांच्या पोटात काहीच लावलं नाही. किरीच्या खणातही आतून काही लावत नाहीत; रेशमाला पॉलिशचा वास लागतो.

लोखंडाचं काम लोहारांनी एका दुपारी केलं. सेंदाईकडे तापलेल्या लोखंडावर उरुशी भाजून चढवतात. आमच्याकडे उरुशी नव्हती, जवसाचं तेल होतं. स्प्रेचा रंग भट्टीत जाळून टाकला, पत्रा काळपट लाल झाला की बाजूला घ्यायचा, जरा निवला की तेलाचं फडकं फिरवायचं. धूर, पुन्हा भट्टी, पुन्हा तेल, तीन वेळा. बिडाचा तवा घरात जसा मुरवतात, तेच. लोहारांची बायको बाजूला उभी राहून म्हणाली, "एवढंच होतं तर मला विचारायचं."

खर्च ३८,००० रुपये झाला आणि तो आम्ही सोसला. ताईंनी टेम्पोचं भाडं द्यायचा आग्रह केला, ते घेतलं.

पुढचा पावसाळा

पेट्या डिसेंबरात परत गेल्या. जुलैत मी मुद्दाम गेलो. मीटर १५. खालचा मोठा खण दोन बोटांनी उघडला, आतून शिवणीचा फिका, कोरडा वास. कोपऱ्याच्या पत्र्यांवर एका जागी गंज आहे, खिडकीच्या बाजूला. तिथे वर्षातून एकदा तेलाचा बोळा फिरवावा लागेल, तसं ताईंना सांगितलं आहे.

वरच्या पेटीतला १५० चा खण मात्र ऑगस्टमध्ये अजून अडतो. त्याचं तोंड बदललं नव्हतं, फट वाढवून भागेल असं मला वाटलं होतं. पैसे वाचवले. ताई तो खण जून ते सप्टेंबर उघडत नाहीत, त्यात गोधड्या ठेवतात.

पैठण्या दसरा झाला की एक दिवस बाहेर निघतात. जपानमध्येही पावसाळा सरल्यावर कोरड्या हवेत किमोनो दोरीवर टांगून वारा द्यायची रीत आहे, मुशीबोशी म्हणतात तिला. ताईंच्या सासूबाई माजघरात दोरी बांधून, उन्हाची तिरीप टाळून, तेच करत आल्या आहेत. रिकामे खण त्या दिवशी ओटीवर उन्हात पालथे घालतात.

त्या दिवशीचा एक फोटो ताईंनी पाठवला. पालथ्या खणाच्या तळावर मिस्त्रींचं पेन्सिलीचं अक्षर दिसतं. जुन्या तान्सूंच्या खणांमागे शाईनं साल आणि नाव लिहिलेलं सापडतं, हे मी त्यांना कधीतरी सांगितलं होतं. खालच्या मोठ्या खणावर आहे, 'ऑक्टोबर, ओल १०, पाऊण सूत'. वरच्या, अडणाऱ्या खणावर आहे, 'तोंड मे महिन्याचं. साहेबांना विचारून'.